अकरावी-बारावीच्या पोरांशी जुगारावर बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

खडूफळा
सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. परवा प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि 'येत्या शनिवारी पोरांना जुगाराच्या दुष्परिणामांवर तास घ्या' म्हणाले. बारावीतला एक मुलगा परीक्षेच्या फीचे पैसे विमानाच्या गेममध्ये घालवून बसलाय, त्याचे वडील येऊन रडून गेले. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: स्क्रीनवर विमान वर चढतं, तसा आकडा वाढत जातो. ते गायब व्हायच्या आत पैसे काढले तर तुमचे, नाही तर गेले.) हे काम मलाच का? तर 'तुमच्याकडे प्रोबॅबिलिटी आहे ना!'

दोन तुकड्या मिळून ७६ पोरं. 'जुगार वाईट' म्हणून भाषण ठोकलं तर तिसऱ्या मिनिटाला मागचे बाक मोबाइलवर, कदाचित तेच विमान उडवत. मी स्वतः जत्रेतल्या सोरटापलीकडे काही खेळलेलो नाही. आठ आण्याला चिठ्ठी, चार वेळा कंगवाच निघाला.

डोक्यात असं आहे: डब्यात ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या, प्रत्येकाला वीस चिंचोके. दर फेरीला एक चिंचोका एका आकड्यावर लावायचा. लागला तर एकाला नऊ. तासाभरात चिंचोके माझ्याकडे गोळा होतील आणि पोरांना न बोलता कळेल. जमेल का? आणखी काय करता येईल?

कोरा_चहा
चार कंगवे मिळाले आणि आता वापरायला केस उरले नसतील तर याहून मोठं नुकसान पोरांना काय दाखवणार? (दिवे घ्या, सर.)

वरळीचा_बाबू
तुमचा डबा म्हणजे आमच्या वरळीचा मटकाच की!

नव्या लोकांसाठी थोडा इतिहास. आधी लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावाच्या आकड्यांवर पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. ते आकडे यायचे बंद झाले तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी रतन खत्रीने आपला वेगळा. मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या म्हणून मटका. मडकं पुढे गेलं, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, समजा तिर्री, छक्की, अठ्ठी. बेरीज १७, तिचा शेवटचा अंक सात, म्हणून आकडा सत्ता. सरांनी लिहिलाय तो 'एकाला नऊ' हाच तिथलाही भाव.

आजोबा लोअर परळच्या गिरणीत साचेवाले. चाळीत संध्याकाळी आकड्याशिवाय दुसरा विषय नसायचा. कुणाच्या स्वप्नात साप आला, आकडा काढा. नाक्यावरचा वेडा तीन बोटं दाखवून हसला, आकडा काढा. एकदा शेजारच्या म्हातारबुवांच्या तिरडीला किती बांबू लागले ते मोजून लोकांनी पैसे लावले होते. ही गंमत झाली. पण आजी पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभी राहायची, पाकीट थेट हातात घ्यायला. तिच्या शेजारी व्याज वसूल करायला पठाण उभा असायचा. आजोबा बाहेर आले की दोघं एकदमच पुढे सरकायचे. आजी हे सांगताना हसायची, पण पठाणाचं नाव तिला मरेपर्यंत पाठ होतं.

सांख्यिकीवाला
सर, कल्पना छान आहे, पण एक खड्डा दिसतोय. ७६ पोरांनी एकेक चिंचोका लावला आणि आकडे सारखे वाटले गेले तर प्रत्येक आकड्यावर सात-आठ जण. फेरीला सरासरी ६८.४ परत जाणार, तुमच्याकडे ७.६ उरणार. म्हणजे दहा टक्के. दीर्घकाळ तुम्हीच जिंकाल यात वाद नाही, पण शनिवारचा तास दीर्घकाळ नसतो. पोरं आकडे सारखे वाटून लावत नाहीत. समजा वीस जणांनी सत्ता लावला आणि सत्ताच आला, तर १८० द्यावे लागतील. एका फेरीत १०४ची खोट, ती भरायला सरासरी चौदा फेऱ्या. पोरं हसत घरी जातील आणि भलतंच शिकून जातील.

एकाला सात ठेवा, नाही तर फेऱ्या भरपूर घ्या. आणि 'आता बराच वेळ तिर्री आली नाही, म्हणजे येणारच' हा गैरसमज जरूर हाताळा. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत चक्रावर सलग २६ वेळा काळा आला. लोक दर वेळी 'आता लाल' म्हणत लाखो फ्रँक घालवत होते. चक्राला आधीच्या फेरीची आठवण नसते.

तिखटमीठ
मुळात लग्न हाच सर्वात मोठा जुगार, त्याचा तास कधी?

नीलकंठी
@तिखटमीठ, हा विनोद सोरटातल्या कंगव्यासारखा आहे. कुठूनही हात घाला, हाच निघतो.

सडेतोड
एवढा खटाटोप कशाला? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावसुद्धा आशिया कपाआधी उतरलं. विषय संपला.

कोरा_चहा
विषय संपला तर परीक्षेची फी कुठे गेली?

सडेतोड
बेकायदा ॲपवर गेली. मग सायबर पोलिसांकडे जा, वर्गात चिंचोके कशाला?

नीलकंठी
सडेतोड, माझा भाचा पुण्यात होस्टेलवर आहे. तो म्हणतो, 'मावशी, जे प्ले स्टोअरवर होतं ते गेलं. जे टेलिग्रामवर होतं ते तसंच आहे.' लिंक बंद पडली की रात्रीत नवी येते. आणि जाहिराती नुसत्या मोबाइलवर नव्हत्या हो. रमीची जाहिरात एसटीच्या मागे वाचत आपण सगळे ट्रॅफिकमध्ये उभे राहिलोय. ती वाचत वाढलेली पिढी आहे ही. विधानपरिषदेत मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याची क्लिप तर पोरांना तोंडपाठ. मंत्रिमहोदय म्हणाले, जाहिरात आली होती, ती बंद करत होतो. माझा भाचा आता अभ्यासाच्या वेळी पकडला गेला की हेच म्हणतो.

तिखटमीठ
आणि नंतर त्यांना क्रीडा खातं मिळालं! भाच्याला सांगा, भवितव्य आहे.

ऑफस्टंप
बरीच वर्षं इथे फक्त वाचतो, आज लिहितो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवरच्या एका सीनियरने आयपीएलच्या वेळी 'आयडी' दिली. आयडी म्हणजे सट्ट्याच्या साइटचं लॉगिन. पैसे त्याच्याकडे द्यायचे, तो पॉइंट टाकणार. पहिल्या दिवशी ५०० लावले, २३०० झाले. चौघांना बिर्याणी खाऊ घातली. ती बिर्याणी मला तीन लाख चाळीस हजारांना पडली. सात महिन्यांत.

मॅच कोण जिंकणार यावर फार कमी लावायचो. 'सेशन' खेळायचो, म्हणजे सहा ओव्हरमध्ये किती रन. वीस मिनिटांत निकाल. आयपीएल संपली तर कुठल्याशा देशातली टी-टेन लीग, ज्यातला एकही खेळाडू मला माहीत नाही. तीही नसेल तर ऑनलाइन पत्ते. हरल्यावर खेळ थांबवणं म्हणजे पैसे खरंच गेले हे मान्य करणं. खेळत राहिलो तोवर ते माझ्या मते 'अडकलेले' होते. आम्ही शब्दही तोच वापरायचो, 'माझे वीस अडकलेत.'

मला गणित येत नव्हतं असं नाही. प्रोबॅबिलिटीत ए ग्रेड होती, सर! साइटवाला शेवटी जिंकतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त आपण शेवटाच्या आधी उठणार, असं प्रत्येकाला वाटायचं.

लोन ॲप झाली, मित्र झाले, लॅपटॉप 'दुरुस्तीला' गेला. घरी जेवताना फोन पालथा ठेवायचो. आई म्हणायची, मुलगी असेल. बिचारी खूश होती.

सांगितलं ते चुलत्याला. तेही ४० हजार म्हणून सांगितलं. त्याने भरले आणि मी पंधरा दिवसांत परत खेळलो, कारण उरलेले तीन लाख कुणाला माहीतच नव्हते. दुसऱ्यांदा त्याने वही समोर टाकली, म्हणाला, 'कुणाचे किती, नाव घालून लिही. पान संपेपर्यंत उठायचं नाही.' दीड पान झालं. त्याने पैसे माझ्या हातात दिले नाहीत, एकेकाला स्वतः फोन केला. दोन वर्षं माझं बँक खातं त्याच्या नजरेखाली होतं.

आता नोकरी आहे, सगळं फिटलं. पण मॅच बघू शकत नाही. सहावी ओव्हर सुरू झाली की पोटात अजून गोळा येतो. सचिनमुळे क्रिकेटच्या नादी लागलेला मी, वर्ल्ड कपची फायनल स्कोअर न बघता झोपलो.

सर, पोरांना हरण्याची भीती घालू नका. हरल्यावर काय करायचं ते सांगा. ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

वरळीचा_बाबू
भावा, लिहिलंस ते बरं केलंस.

डॉक्टरीणबाई
मानसोपचारात काम करते. ऑफस्टंप यांनी 'अडकलेत' हा शब्द लिहिलाय, तो मी ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

२०१३ पासून आमच्या निदानाच्या पुस्तकात जुगाराचा विकार दारू-गर्दच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात आहे, त्यामुळे 'पोरगं वाया गेलं' हे निदान आता चालत नाही. मेंदूला चटक बक्षिसाच्या बेभरवशीपणाची लागते. दर वेळी मिळालं तर कंटाळा येतो, कधीच मिळालं नाही तर माणूस सोडून देतो. कधीमधी मिळत राहिलं की हात थांबत नाही. थोडक्यात हुकलेला डाव तर हरल्यासारखा वाटतच नाही, जवळजवळ जिंकल्यासारखा वाटतो. विमानाच्या गेममध्ये प्रत्येक डावच थोडक्यात हुकतो.

खडूफळा सर, दोन विनंत्या. आत्महत्येच्या बातम्या वर्गात वाचून दाखवू नका. आधीच बुडालेला एखादा त्या ७६ जणांत बसलेला असू शकतो, त्याला ती वाट दाखवल्यासारखं होतं. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून तासभर तसाच ठेवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

सडेतोड
ऑफस्टंप यांचं वाचून वाईट वाटलं. मात्र नवा कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही, त्याचा रोख चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे. हे पोरांना सांगा. 'घरी सांगितलं तर पोलीस मलाच धरतील' या भीतीने गप्प बसणारे असतील.

कोरा_चहा
सडेतोड यांच्याशी सहमत व्हायची वेळ आली. तारीख लिहून ठेवतो.

कॉलपुट
सगळ्याला एकाच काठीने हाणू नका. मी शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करतो. चार्ट असतो, अभ्यास असतो, तोटा ठरलेल्या आकड्यावर थांबवणारा स्टॉपलॉस असतो.

सांख्यिकीवाला
@कॉलपुट, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ मधला अभ्यास बघा. तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले. रेस खेळणाऱ्याकडेही घोड्याच्या आज्या-पणज्यांचा अभ्यास असतो.

कॉलपुट
मी त्या सात टक्क्यांत आहे.

ऑफस्टंप
मीही होतो, एप्रिलपर्यंत.

मांडवीकाठ
पणजीत राहतो. संध्याकाळी मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटींवर दिवे लागतात, लोक सेल्फी काढतात. २०२० पासून गोवेकरांना आत खेळायला बंदी आहे. म्हणजे धंदा आमच्या नदीत, कर आमच्या सरकारला आणि बुडायला तुम्ही या, येवा गोंय आपलोच आसा! जेटीवर पहाटे बाहेर पडणाऱ्यांत कोल्हापूर, बेळगाव पासिंगच्या गाड्या शोधणारी पोरं दिसतात. चौघं मित्र येतात आणि परतीच्या पेट्रोलवरून भांडतात. आत जायला वय २१ लागतं. फोनवरच्या विमानाला वय विचारायला दारवान कुठाय?

रेडिंगकर
इंग्लंडात हे सगळं कायदेशीर आहे, हाय स्ट्रीटवर बेटिंगची दुकानं आहेत. तरी इथे २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार बंद झाला. २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर (चक्रं फिरवायच्या जुगारावर) एका डावाची मर्यादा आली. मोठ्यांना पाच पौंड, १८ ते २४ वयाच्यांना दोनच. गॅमस्टॉप नावाची सोय आहे, तिथे स्वतःचं नाव घातलं की परवाना असलेल्या सगळ्या साइट ठरावीक काळ तुम्हाला दार बंद करतात. आमच्या क्रिकेट क्लबातल्या एका मराठी मुलाने बायकोला शेजारी बसवून ते केलं. बंदी असलेल्या देशात अशी यादी करता येत नाही, कारण कागदोपत्री साइटच नसते. बंदी चूक असं म्हणत नाही, फक्त ही बाजू कुणी मांडली नव्हती.

नीलकंठी
एक राहिलं. भाच्याच्या मित्राने 'खातं वापरायला दे, महिन्याला चार हजार' यावर बँक खातं, एटीएम आणि सिम एकाला दिलं. त्यातून सट्ट्याचे आणि कुणाकुणाच्या फसवणुकीचे लाखो रुपये फिरले. खातं गोठलं, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली. त्या पोराने आयुष्यात एक रुपया लावला नव्हता. इथे खेळणाऱ्यासारखी सूट नाही. सर, हे नक्की सांगा.

गोट्या_राजा
पिंपरी-चिंचवडचा फौजदार २०२३ मध्ये फँटसी टीम लावून दीड कोटी जिंकला होता, त्याचं काय? सगळेच हरत नाहीत.

वरळीचा_बाबू
जिंकला आणि निलंबित झाला. जिंकूनही हरलेला एकमेव माणूस तूच शोधून आणलास, धन्य आहेस.

खडूफळा
मंडळी, तास झाला. लांबलचक लिहितोय.

सांख्यिकीवाल्यांचं ऐकलं नाही, एकाला नऊच ठेवला. तिसऱ्या फेरीला सत्त्यावर तेवीस जण. का? धोनीचा नंबर! आणि चिठ्ठी निघाली सात. २०७ चिंचोके द्यायचे, माझ्या पिशवीत जेमतेम दीडशे. बँक बुडाली. वर्गात असा दंगा की शेजारच्या वर्गातून मॅडम बघून गेल्या. 'सर, उधारी चालेल!' मागून कुणीतरी ओरडलं. तुम्हाला आठवून मी घामाघूम.

मग कधी तोंड न उघडणारं एक पोरगं उभं राहिलं. म्हणालं, 'सर, तुम्ही न बघता चिठ्ठी काढता म्हणून हरला. आधी बघायचं, कशावर कमी लागलंय, आणि तोच काढायचा.' त्याला म्हटलं, ये, तूच बस. तो खुर्चीवर बसला, कुठल्या आकड्यावर किती ते फळ्यावर मांडायला लावलं, आणि चौथ्या फेरीला चौका 'काढला'. चौक्यावर दोघंच होते. पुढच्या पाच फेऱ्या तशाच. माझी उधारी फिटून दोनशेच्या वर चिंचोके पिशवीत आले. सहाव्या फेरीपर्यंत वर्ग गप्प झाला होता. एकजण हळूच म्हणाला, 'मग विमान पण तसंच असणार.' मी काही बोललो नाही. हे सगळं त्या पोराला कुठून ठाऊक, हेही विचारलं नाही.

उरलेल्या वीस मिनिटांत आकडेमोड सोडली आणि हरल्यावर काय करायचं ते बोललो: वही, नावं, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, भाड्याने दिलेलं खातं. १४४१६ फळ्यावर होता. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता काहीही विचारा म्हटलं. बऱ्याच कोऱ्याच आल्या. एकीवर 'सर तुम्ही भारी हरला.' एकीवर 'खातं दिलंय, परत कसं घ्यायचं?' आणि एकीवर, अक्षर न अक्षर तसंच लिहितो: 'आठ हजार गेले असतील आणि ते बहिणीच्या ॲडमिशनचे असतील तर आधी आईला सांगायचं का पप्पांना.' प्रश्नचिन्ह नाही.

काय सांगू याला?

तिखटमीठ
आईला. बाबा आधी मारतील, मग ऐकतील.

नीलकंठी
आमच्याकडे उलट होतं. आई आठवडाभर रडली असती, बाबा गप्प बसून पैसे मोजायला लागले असते. घर बघून ठरवा. आणि खातं दिलेल्याला सांगा, आजच्या आज घरच्या मोठ्या माणसाला घेऊन बँकेत जा आणि लेखी कळव.

डॉक्टरीणबाई
कुणालाही आधी सांगू दे, पण सांगताना सोबत कुणी असेल तर बरं. तुम्ही बसू शकाल का? आणि अक्षरावरून त्याला शोधून गाठू नका, वर्गात सगळ्यांना सांगा की मी अमुक वेळी स्टाफरूममध्ये असतो.

ऑफस्टंप
सर, तो आला तर एवढंच करा. आकडा तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. पहिला आकडा कुणीच खरा सांगत नाही.

खडूफळा
सोमवारी मधल्या सुट्टीत आला. वीस मिनिटं बसलो. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो होतो, आई-वडील दोघंही होते, बाकी इथे लिहीत नाही.

ऑफस्टंप, कागद काढला तेव्हा आठाचे एकोणीस निघाले.